किती वेळ हातात आहे? उष्ण कटिबंधातल्या आपत्तींवर पाळत ठेवायची रीत

पाळतीचं काम लावायला बसलं की आधी यादी होते ती आपत्तींची: चक्रीवादळ, अतिवृष्टी, पूर, दरड, वीज, भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी. ही यादी भिंतीवर लावायला ठीक आहे, पण कामाची आखणी तिच्यावरून होत नाही. त्यासाठी प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: पहिली खूण दिसल्यापासून तडाखा बसेपर्यंत किती वेळ मिळतो. एल निनोत (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा) महिने मिळतात. चक्रीवादळात साधारण तीन ते पाच दिवस. मोठ्या नदीच्या पुरात दिवस-दोन दिवस किंवा जास्त, डोंगरी ओढ्याच्या लोंढ्यात एक ते सहा तास. विजेच्या बाबतीत अर्धा तास मिळाला तरी खूप. उगम जवळ असलेल्या त्सुनामीत काही मिनिटं, आणि भूकंपात काहीच नाही.

हा क्रम लागला की कुठे कितीदा बघायचं ते आपोआप ठरतं. जिथे दिवस मिळतात तिथे दिवसातून चारदा बघितलं तरी पुरतं. जिथे तास मिळतात तिथे पाऊस चालू असेतोवर दर अर्ध्या तासाला बघायचं. आणि जिथे मिनिटंच आहेत तिथे बघत बसायचं नाही, गजर लावायचा. भूकंपाच्या नकाशासमोर रात्रभर माणूस बसवला की त्याची झोपही जाते आणि लक्षही.

घड्याळ आणि वही

सगळं काम यूटीसीच्या, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेच्या घड्याळावर चालवा. जगभरची मुख्य हवामान निरीक्षणं ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला होतात आणि वादळांच्या पत्रिका (हवामान केंद्रांची अधिकृत बुलेटिनं) याच वेळांना बांधलेल्या असतात. भारतीय घड्याळात त्या पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, संध्याकाळी ५:३० आणि रात्री ११:३०. भिंतीवर दोन घड्याळं लावा आणि यूटीसीच्या घड्याळाखाली मोठ्या अक्षरात तसं लिहा, कारण चुका इथेच होतात. रात्री १२ च्या आसपास तारीखही बदलते, आणि 'उद्या सकाळी किनाऱ्यावर' या वाक्यातला उद्या नक्की कुणाचा, यावरून गोंधळ उडतो.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात: घटना कधीची आणि बातमी हाती कधी आली. वादळाची ०६ यूटीसीची जागा सांगणारी पत्रिका बऱ्याचदा तीन तासांनी हाती येते. वादळ १२ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) सरकत असेल तर तेवढ्यात ते सुमारे ६७ किमी पुढे गेलेलं असतं. नकाशावर ठिपका लावताना त्याच्या शेजारी वेळ लिहिली नाही, तर वाचणारा तो ठिपका 'आत्ताचा' समजतो.

नोंदीचा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक वह्यांत नसतो: माहिती कोणत्या जातीची आहे. आम्ही तीन शब्द वापरतो. 'मोजलं' म्हणजे पर्जन्यमापक, भरतीमापक, वायुभारमापक अशा उपकरणाने प्रत्यक्ष नोंदलेलं. 'ताडलं' म्हणजे उपग्रह किंवा रडारच्या चित्रावरून काढलेलं. 'पुढचं' म्हणजे मॉडेलचं, संगणकावरच्या गणिताचं भाकीत. नमुन्यादाखल एक ओळ:

घटना ०६:०० यूटीसी, मिळालं ०८:५०. जागा १३.४ उत्तर, ८६.१ पूर्व. वारा ५५ नॉट, ३ मिनिटांची सरासरी. ताडलं. नवी दिल्लीची पत्रिका क्र. ७.

ओळ साधी दिसते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द पुढे कधीतरी वाद मिटवतो. वारे आणि पाऊस रंगीत हलत्या रेषांत दाखवणाऱ्या लोकप्रिय संकेतस्थळांवर दिसतं ते बहुतेक वेळा मॉडेलचं भाकीत असतं. चित्र इतकं जिवंत दिसतं की बघणाऱ्याला ते निरीक्षणच वाटतं. 'आत्ता समुद्रात ७० नॉटचा वारा आहे' असं कुणी पाठवलं की आधी विचारा, मोजलं, ताडलं की पुढचं?

चक्रीवादळ: शब्द कुणाचा धरायचा

जागतिक हवामान संघटनेने महासागर वाटून दिलेले आहेत. उत्तर हिंदी महासागर नवी दिल्लीकडे, वायव्य प्रशांत टोकियोकडे, अटलांटिक आणि ईशान्य प्रशांत मायामीकडे, मध्य उत्तर प्रशांत होनोलुलुकडे, नैऋत्य हिंदी महासागर ला रीयुनियनकडे आणि दक्षिण प्रशांतचा मोठा भाग फिजीतल्या नादीकडे. ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या समुद्रासाठी त्यांची स्वतःची वादळ इशारा सेवा आहे. याशिवाय अमेरिकी सैन्याचं जेटीडब्ल्यूसी हे केंद्र प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या वादळांवर पत्रिका काढतं. ती वाचण्यासारखी असते, पण ती त्यांच्या जहाजांसाठी आणि तळांसाठी असते. लोकांना सांगताना शब्द त्या त्या देशाच्या हवामान खात्याचाच धरायचा.

दोन केंद्रांचे आकडे जुळत नाहीत म्हणून हल्ली लगेच आरोप सुरू होतात. कारण बहुतेक वेळा साधं असतं. अमेरिका वाऱ्याची १ मिनिटाची सरासरी घेते, नवी दिल्ली ३ मिनिटांची, टोकियो १० मिनिटांची. उघड्या समुद्रावर १ मिनिटाच्या आकड्याला ०.९३ ने गुणलं की साधारण १० मिनिटांचा आकडा येतो. म्हणजे एकाने १०० नॉट आणि दुसऱ्याने ९३ नॉट सांगितलं तर दोघे एकच गोष्ट सांगत असतात. त्यात वर्गांची नावं वेगळी. उत्तर हिंदी महासागरात ३४ नॉटला चक्रीवादळ, ४८ ला तीव्र, ६४ ला अति तीव्र, ९० ला अत्यंत तीव्र आणि १२० नॉटपासून महाचक्रीवादळ. अमेरिकी श्रेणी १ सुरू होते ६४ नॉटला, श्रेणी ५ सुरू होते १३७ ला. वहीत वर्गाचं नाव लिहू नका. नॉट आणि सरासरीची मिनिटं लिहा, नाव नंतर लावता येतं.

खुल्या समुद्रात वारा मोजायला कुणी नसतं, म्हणून तो ढगांच्या ठेवणीवरून ताडतात. व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत आजही चालते. ढगांच्या आकाराला १ ते ८ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीचा टी-क्रमांक मिळतो. टी २.५ म्हणजे साधारण ३५ नॉट, टी ४ म्हणजे ६५, टी ५ म्हणजे ९०, टी ६ म्हणजे ११५ नॉट. पत्रिकेतल्या वेगाच्या मागे बऱ्याचदा हाच क्रमांक असतो, आणि त्यात अर्ध्या पायरीचा मतभेद दोन अनुभवी माणसांतही होतो. म्हणून ५ नॉटच्या चढउतारावर मथळे करू नयेत.

उपग्रहाचं चित्र बघताना क्रम ठेवा. जपानचा हिमावारी-९ दर १० मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण चकती टिपतो, इतर महासागरांवरचे भूस्थिर उपग्रहही थोड्याफार फरकाने तेच करतात. दिवसा दृश्य चित्र, रात्री इन्फ्रारेड. एकच चित्र बघून काही कळत नाही. निदान सहा तासांची मालिका चालवून बघा. ढगमाथ्याचं तापमान उणे ७० ते उणे ८० अंशांपर्यंत उतरलेलं आणि गर्दी केंद्राभोवती गोल होत असेल तर वादळ बांधलं जातंय. गर्दी एका बाजूला ओढली जात असेल तर वरचे आणि खालचे वारे वेगळे वाहतायत आणि वादळ रखडेल.

इथे दोन फसगती नेहमीच्या आहेत. पहिली रात्रीची. समुद्रावर ढगांचा जोर पहाटेच्या सुमारास आपसूक वाढतो, आणि नवखा माणूस तीन वाजता 'वादळ भडकलं' असं लिहून मोकळा होतो. आज पहाटेची तुलना काल पहाटेशी करा, काल संध्याकाळशी नको. दुसरी उजाडतानाची. रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये केंद्र थंड ढगाखाली असणार असं धरलेलं असतं. सूर्य वर आला, पहिलं दृश्य चित्र आलं, की उघडा पडलेला भोवरा कधीकधी ढगापासून शंभरेक किमी बाजूला निघतो. त्यामुळे पहाटेच्या जागेवर भरवसा ठेवून मार्ग बदलल्याची घोषणा करू नका. मधल्या काळात ध्रुवीय उपग्रहाचं ८५ ते ९१ गिगाहर्ट्झचं मायक्रोवेव्ह चित्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते वरच्या विरळ ढगातून आत बघतं आणि पावसाचं कडं दाखवतं. मात्र असे उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातात, हवं तेव्हा चित्र मिळत नाही.

वादळाच्या पुढच्या मार्गाभोवती नकाशावर रुंद होत जाणारा पट्टा काढतात, त्या शंकूबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे आणि धोक्याची हद्दही नव्हे. त्यात फक्त केंद्र कुठे असू शकेल ते असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या शंकूत केंद्र राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश धरलेली असते. म्हणजे तीनातलं एक केंद्र बाहेर जायचंच, आणि पाऊस-वारा तर शंकूबाहेर शेकडो किमी पोचतो. आम्ही शंकूच्या कडेला वादळाच्या ३४ नॉट वाऱ्याच्या त्रिज्येएवढी पट्टी जोडून काढतो. तो नकाशा कमी देखणा दिसतो पण जास्त खरा असतो.

तीव्रतेचा अंदाज मार्गापेक्षा कच्चा असतो. २४ तासांत ३० नॉट किंवा जास्त वाढ झाली की तिला झपाट्याची वाढ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आदळलेलं ओटिस जेमतेम एका दिवसात उष्णकटिबंधीय वादळावरून श्रेणी ५ वर गेलं आणि मॉडेलांना ते आधी दिसलंच नाही. समुद्र २६.५ अंशांहून गरम, हवेच्या खालच्या (८५० हेक्टोपास्कल) आणि वरच्या (२०० हेक्टोपास्कल) थरांतल्या वाऱ्यांतला फरक १० नॉटच्या आत आणि किनारा एका दिवसाच्या अंतरावर, हे तीन एकत्र आले की अंदाज काहीही म्हणो, पत्रिकांची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चित्र बघायला लागा. आणि 'विषुववृत्ताजवळ वादळ होत नाही' या नियमावर झोपू नका. ५ अंशांच्या आत ती विरळा होतात हे खरं, पण डिसेंबर २००१ मध्ये वामेई १.४ अंश उत्तरेला सिंगापूरजवळ झालं.

वाऱ्यापेक्षा जास्त माणसं पाणी घेतं. नोव्हेंबर २०१३ च्या हैयानमध्ये फिलिपिन्सच्या ताक्लोबान शहरात वाऱ्याचा इशारा पोचला होता, पण 'स्टॉर्म सर्ज', म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी, या शब्दाचा अर्थच अनेकांपर्यंत पोचला नाही. म्हणून कळवताना 'वादळी लाट ३ मीटर' असं लिहू नका. 'समुद्र आत येईल, भरतीच्या वर ३ मीटर' असं लिहा, आणि त्याच्या शेजारी भरतीची स्थानिक वेळ. लाट ओहोटीला आली की भरतीला, यावर घरं बुडणं ठरतं. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने सरकतंय तिच्या उजव्या हाताचा किनारा जास्त सोसतो, दक्षिण गोलार्धात डाव्या हाताचा. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेसारखा उथळ आणि निमुळता समुद्र असेल तर त्याच वाऱ्यात पाणी कितीतरी जास्त चढतं.

पाऊस: इथे स्वतःचं माप हवं

उपग्रहावरून पाऊस ताडणारी दोन मोठी साधनं आहेत: नासाचं आयमर्ग आणि जपानचं जीएसमॅप. दोन्हींची जाळी ०.१ अंशाची, म्हणजे विषुववृत्ताजवळ एक चौकट साधारण ११ किमीची. आयमर्गची पहिली आवृत्ती सुमारे चार तासांनी येते, सुधारलेली सुमारे चौदा तासांनी. मोठ्या खोऱ्यासाठी हे उत्तम आहे. एका घाटासाठी किंवा एका ओढ्यासाठी नाही, कारण ११ किमीच्या चौकटीत डोंगराची वाऱ्याकडची आणि पाठीमागची बाजू एकत्र कालवली जाते. डोंगराला अडून पडणारा, कमी उंचीच्या ढगांचा पाऊस तर उपग्रहाला कमीच दिसतो.

रडारला वाटतं तितकी खोल नजर नसते. पृथ्वी गोल आहे. ०.५ अंशावर सोडलेली किरणशलाका २०० किमीवर जमिनीपासून साधारण ४ किमी उंच गेलेली असते. तिच्याखाली कितीही पाऊस पडो, रडारला तो दिसत नाही. डोंगराआड काळी फट दिसते तिथेही 'पाऊस नाही' असा अर्थ घेऊ नका. कमी तरंगलांबीच्या एक्स-बँड रडारमध्ये जोराच्या सरीमागचा भागही फिका पडतो.

म्हणून आपल्या भागात निदान काही ठिकाणी पर्जन्यमापक हवेतच. स्वयंचलित मापकात दोन कप्प्यांची डुलती वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते आणि एक टिक नोंदली जाते, बहुधा ०.२ मिमीची. पावसाळ्याआधी तपासणी अशी करा. तोंडाचा व्यास २० सेमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेमी, म्हणजे १० मिमी पाऊस बरोबर ३१४ मिली पाणी. एवढं पाणी मोजून प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, बुचाला टाचणीने भोक पाडा, बुडाला हवेसाठी दुसरं भोक पाडा आणि बाटली नरसाळ्यात उलटी धरा. पाणी अर्ध्या तासाहून कमी वेळात संपता कामा नये. ५० टिका यायला हव्यात. ४८ ते ५२ आल्या तर ठीक. ४५ आल्या तर वाटी घाण आहे किंवा मापक तिरका बसलाय. पाणी भसाभस ओतलं तर टिका कमीच येतील, कारण वाटी कलंडत असतानाचं पाणी मोजणीतून निसटतं. ताशी १०० मिमीच्या पावसात नेमकं हेच होतं. म्हणून शेजारी साधा हातमोजणीचा मापक ठेवा आणि रोजची बेरीज त्याच्याशी ताडून बघा.

आजूबाजूचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब मापक हवा, चौपट असेल तर उत्तम. बिघाड ठरलेले असतात: जाळीवर पानं, पक्ष्यांची विष्ठा, आत कोळ्याचं जाळं, मुंग्यांचं वारूळ. नरसाळं तुंबलं की पाऊस धो धो पडत असतो आणि नोंद येते शून्य. मग पाऊस थांबल्यावर तुंबलेलं पाणी झिरपतं आणि कोरड्या रात्री तासनतास एकेक टिक येत राहते. असा आलेख दिसला की त्या दिवसाचा आकडा बाद करा.

'२४ तासांचा पाऊस' ही बेरीज कुठून कुठपर्यंतची हेही बघा. भारतात ती सकाळी ८:३० ला संपते, म्हणजे ०३ यूटीसी. उपग्रहाचा दिवस ००ला संपतो. रात्रभर कोसळलेली एकच सर दोन दिवसांत फाटली की दोन्हीकडे ती बेताची दिसते. डोंगरी भागासाठी दिवसाची बेरीज सोडा आणि चालती ३, ६ आणि २४ तासांची बेरीज ठेवा.

दरडींसाठी कुठून सावध व्हायचं याला नेल केन यांची १९८० ची जुनी रेषा अजून कामाला येते. जगभरच्या नोंदींवरून काढलेल्या या रेषेचा हिशेब केला तर एका तासात सुमारे १५ मिमी, सहा तासांत ४४ मिमी, चोवीस तासांत १०३ मिमी पाऊस येतो. ही खालची मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे दरड कोसळणारच असं नाही, मुसळधार पावसाच्या मुलखात तर ती दर आठवड्याला ओलांडली जाते. म्हणून आपल्या भागातल्या आधीच्या दरडींच्या तारखा काढा, त्यांच्या आदल्या दहा-पंधरा दिवसांचा पाऊस मांडा आणि स्वतःची रेषा आखा. आधीच भिजून जड झालेल्या उतारावर थोडा पाऊसही पुरतो. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, पाऊस चालू असूनही ओढा एकाएकी आटणं, रस्त्याला नव्या भेगा, कललेले खांब, या खबरी उपग्रह देत नाही. त्यांच्यासाठी वरच्या वस्तीतले दोन फोन नंबर हवेत.

मोठ्या नद्यांसाठी युरोपच्या कोपर्निकस सेवेचं ग्लोफास हे पुराच्या अंदाजाचं साधन बघा. ते अनेक भाकितं एकत्र चालवून २, ५ आणि २० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळ्या ओलांडण्याची शक्यता देतं. '२० वर्षांतून एकदा' म्हणजे दर वर्षी ५ टक्के, गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा सुटका नाही. लहान खोऱ्यांत आणि धरणांच्या खाली ते कमी पडतं, कारण दरवाजे कधी उघडायचे हे मॉडेल ठरवत नाही. तिथे धरणाच्या विसर्गाचे आकडेच धरा.

पूर आल्यावर तो किती पसरला हे ढगांमुळे साध्या चित्रात दिसत नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगातून बघतं. शांत पाणी किरण दुसरीकडे परावर्तित करतं म्हणून ते काळं दिसतं. पण वाऱ्याने लाटाळलेलं पाणी उजळ दिसतं, आणि झाडांखाली साचलेलं पाणी तर जास्तच उजळ, कारण किरण पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत येतात. 'काळं नाही म्हणजे पूर नाही' असं मानून बरेच नकाशे चुकतात.

जिथे मिनिटंच आहेत

भूकंपाचे गजर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फीडवरून आणि आपल्या देशाच्या यंत्रणेवरून लावा. किनाऱ्यासाठी आम्ही गजर असा ठेवतो: समुद्राखाली किंवा किनाऱ्यालगत, खोली १०० किमीच्या आत, तीव्रता ६.५ पासून. गजर वाजला की आधी वेळ, जागा, खोली लिहा आणि लगेच त्सुनामी केंद्राची पत्रिका उघडा. प्रशांतसाठी होनोलुलुचं केंद्र आहे. हिंदी महासागरासाठी भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया या तिघांच्या सेवा आहेत. पहिली तीव्रता बदलतेच. ७.१ ची ७.४ झाली म्हणून कुणी लपवाछपवी केलेली नसते, जास्त केंद्रांची नोंद आलेली असते. त्यानंतर उगमाच्या जवळचा भरतीमापक बघा. तोच 'मोजलं' सांगतो.

लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीवर ताशी सुमारे ७०० किमी, ५० मीटरवर जेमतेम ८०. त्यामुळे दूरच्या किनाऱ्याला तास मिळतात आणि जवळच्याला काहीच नाही. २८ सप्टेंबर २०१८ ला सुलावेसीतल्या पालूला ७.५ च्या भूकंपानंतर काही मिनिटांत पाणी आलं. अशा किनाऱ्यावर पत्रिका म्हणजे वरातीमागून घोडं. जोराचा किंवा लांबलेला हादरा हाच तिथला इशारा, हे लोकांना आधी सांगून ठेवणं एवढंच काम पाळतीच्या हातात आहे. आणि भूकंपाचा गजर सगळं पकडत नाही: २२ डिसेंबर २०१८ ला अनाक क्राकाताऊचा उतार समुद्रात ढासळला आणि मोठा भूकंप न होताच सुंदा सामुद्रधुनीत लाट आली. बेटावरचा ज्वालामुखी खदखदत असेल तर भरतीमापकावरही वेगळा गजर लावा.

ज्वालामुखीच्या राखेसाठी जगात नऊ सल्लागार केंद्रं आहेत, आणि आग्नेय आशियाचा बराच भाग डार्विनकडे येतो. ती विमानांसाठी लिहितात. राख किती उंच आणि कुठे चाललीय हे त्यांच्याकडून घ्या, गावं कधी हलवायची हे देशाच्या ज्वालामुखी खात्याकडून. पावसाचा अंदाज इथेही उघडा ठेवा. १५ जून १९९१ ला पिनातुबोच्या मोठ्या उद्रेकाच्या दिवशीच युन्या वादळ तिथे पोचलं, भिजलेली राख जड झाली आणि छपरं कोसळली. राखेचा चिखल तर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पावसात खाली वाहत राहिला.

विजेसाठी पडदा बघण्यापेक्षा कान बरे. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना ३ ने भागलं की अंतर किमीमध्ये मिळतं. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही आधीच टप्प्यात आहात.

लांबचं

महिन्याला एकदा एल निनोची स्थिती आणि आठवड्याला एकदा मॅडन-ज्युलियन दोलन बघितलं की पुरे. हे दोलन म्हणजे उष्ण कटिबंधातला ढग-पावसाचा मोठा पट्टा, तो ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे सरकत जातो. त्याच्या निर्देशांकाची तीव्रता १ च्या वर असेल आणि टप्पा (पट्टा सध्या कुठे आहे ते) आपल्या महासागराचा असेल, तर पुढचे दहा-पंधरा दिवस वादळ जन्मण्याला अनुकूल धरा. एल निनोच्या घोषणेचा उंबरठा मात्र सारखा नाही: समुद्राचं तापमान नेहमीपेक्षा किती वर, याला अमेरिका ०.५ अंश धरते, ऑस्ट्रेलिया ०.८, त्यामुळे एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही असं होतं. कोरड्या वर्षी आगींचे ठिपकेही बघा. नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशातला ३७५ मीटरचा ठिपका म्हणजे त्या चौकटीचा मध्य, आगीची नेमकी जागा नव्हे.

रंग आणि संदेश

लाल-नारिंगीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा. संयुक्त राष्ट्रं आणि युरोपीय आयोगाच्या जीडीएसीएस या आपत्ती-इशारा यंत्रणेचा नारिंगी हा आंतरराष्ट्रीय मदत लागेल का याचा ढोबळ अंदाज असतो, भारतीय हवामान खात्याचा नारिंगी म्हणजे तयारीत राहा, ज्वालामुखीच्या विमान-संकेतातला नारिंगी आणखी निराळा. वहीत नुसता 'नारिंगी' लिहिलेला सापडला तर तो कुणाचा होता हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

अधिकृत इशारे बऱ्याच देशांत 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' या एकाच साच्यात येतात. ते आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर लावताना तीन गोष्टी आधी तपासा. स्थिती 'प्रत्यक्ष' आहे की 'सराव' की 'चाचणी', नाहीतर सरावाचा त्सुनामी इशारा तुमच्या गटात खरा म्हणून फिरेल. प्रकार नवा आहे, सुधारित आहे की रद्द, कारण रद्दचा संदेश गाळला की जुना इशारा तसाच टांगून राहतो. आणि मुदत कधी संपते.

साधनं बंद पडतात तेव्हा

सगळे एकाच वेळी बघायला लागतात तेव्हाच संकेतस्थळं रखडतात. नकाशांच्या पानांऐवजी नुसत्या मजकुराच्या पत्रिकांचे पत्ते जमवून ठेवा. त्या काही किलोबाइटच्या असतात आणि रडतखडत चालणाऱ्या जोडणीवरही उतरतात. वादळाच्या ४८ तास आधी भागाचे नकाशे, भरतीची कोष्टकं, धरणांच्या पातळ्या कागदावर छापून घ्या. बॅटरीवरचा रेडिओ चालतो का ते आदल्या दिवशी नव्हे, दर महिन्याला बघा.

मोजमाप केंद्राकडून आकडा आला नाही तर वहीत शून्य लिहू नका, 'नाही आला' असं लिहा. स्वयंचलित तक्ते रिकाम्या जागी शून्य भरतात आणि नकाशावर तो भाग निळाशार, शांत दिसतो. सगळ्यात जोराच्या तडाख्यात आधी खांब, मग मनोरा, मग मापक जातो, त्यामुळे तीन तास गप्प बसलेलं केंद्र हे सर्वांत आधी फोन करायचं ठिकाण.

पाळी बदलताना तोंडी निरोप पुरत नाही. पुढच्या माणसासाठी कागदावर चार ओळी हव्यात: चालू असलेल्या घटना आणि त्यांच्या शेवटच्या नोंदीची यूटीसी वेळ, पुढची पत्रिका केव्हा येणार, कोणतं साधन किंवा केंद्र बंद आहे, आणि कुणाला काय कळवलं ते किती वाजता. त्याखाली दोघांच्या सह्या.